पोथावच्या पोटातला गळ

नोंगसाय गावात नागराजाशी झुंजणाऱ्या गड्यांची नावं आखाड्याच्या फळीवर रंगवलेली असायची. कोण गुडघ्यावर सरकत जाऊन त्याच्या फण्याला हात लावायचा, कोण त्याचं डोकं आपल्या तोंडात धरून माणसांकडं बघत उभा राहायचा. बुनलोमचं नाव कुठल्याच फळीवर नव्हतं. ती सापांना जेवू घालायची, बस्स. पण बस्स म्हणणाऱ्यांच्या घरचे साप दोन पावसाळ्यांत चिपाडासारखे वाळून मरायचे, आणि बुनलोमच्या खांबांवर उभ्या घराखालच्या पेट्यांतले तेल लावल्यासारखे चमकायचे. मग तेच फळीवरचे गडी तिच्या जिन्याच्या खालच्या पायरीला येऊन बसायचे.

"वहिनी, आमचा खाईना झालाय. जरा येता का?"

बुनलोम जायची. पेटीचं झाकण बोटभर उचलून आत बघायची आणि तोंड सुटायचं. "कात टाकायला आलाय त्यो. डोळं दुधाळ झाल्यात, दिसत न्हाई तुला? आंधळ्याच्या ताटात जिता उंदीर सोडतोस व्हय रं?"

हे ती उगाच बोलत नसे. शेजारच्या सोमबतनं आपल्या अजगराच्या खोक्यात एकदा जिता उंदीर टाकला आणि स्वतः बाजाराला निघून गेला. अजगर कात टाकायच्या बेतात. त्याला ना दिसत होतं ना भूक होती. भूक उंदराला लागली. सोमबत परत आला तेव्हा अजगराच्या पाठीवर तळहाताएवढी जागा हाडापर्यंत कुरतडलेली, आणि उंदीर कोपऱ्यात बसून मिशा पुसतोय. ती जखम भरायला बुनलोमला पाच महिने हळद दाबावी लागली. तेव्हापासून तिनं सगळ्या गल्लीला दम भरला होता, की जितं जनावर पेटीत आहे तोवर माणूस पेटीपाशी. मुताय जायचं तर आधी जाऊन या.

दुसऱ्या एका घरी दोन नागराज एकाच पेटीत ठेवलेले. दोघांत मिळून एक दिवड, म्हणजे बिनविषारी पाणसाप, टाकला. एकानं तोंडाकडनं धरला, दुसऱ्यानं शेपटीकडनं. गिळत गिळत दोघं मधे भेटले, आणि थोरल्यानं धाकट्याला दिवडासकट आत घेतलं. शेवटी दोघेही मेले. बुनलोमच्या घरी पाच पेट्या होत्या आणि पाच साप. पेटीला एक; दुसरा पाव्हणा म्हणूनसुद्धा नाही.

तिचा नवरा थोंगदाम फळीवरच्यांतला. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. बाहेरगावची माणसं हळहळून विचारायची, "सापानं?" बुनलोम म्हणायची, "न्हाई, माशानं." जन्मभर कच्चा मासा चटणी-लिंबात कालवून खाल्ला, काळीज सडलं, पिवळा पडून गेला. पंचवीस वर्षं नागराजांपुढं नाचून अंगावर एक ओरखडा नव्हता.

जाताना त्यानं मागं ठेवला तो पोथाव. नऊ हात लांब, मनगटाएवढा जाड, डाव्या डोळ्यात सारा पडलेला. गावची रीत अशी, की दोन-तीन वर्षं खेळवलेला नागराज परत रानात सोडून द्यायचा. पण हा एका डोळ्यानं अधू, रानात उपाशी मरेल म्हणून थोंगदामनं सोडला नाही, आणि मरायच्या आदल्या आठवड्यात बायकोला एवढंच म्हणाला, "त्याला नीट जेवू घाल." स्वतःच्या लेकीबद्दलही तो काही बोलला नाही. ह्या गोष्टीवरनं बुनलोम त्याला मेल्यावरही शिव्या द्यायची, आणि पोथावला जेवू घालायची.

पोथाव म्हणजे तिकडच्या बोलीत बायकोचा बाप. हे नाव शेजारणींनी पाडलेलं. तिच्या लेकीला, नुआनला, बघायला पोरं यायची तेव्हा घराखाली हा पेटीत उभा राहून फुत्कारायचा. तीन पोरं तशीच पळाली. चौथा विच्यान. तो पळाला नाही, कारण भीतीनं त्याचे पाय हालेनात. नुआनला वाटलं, गडी धीराचा आहे.

त्या मुलखात नवरा बायकोच्या घरी नांदायला येतो. विच्यान आला तो नदीकाठच्या गावातनं, आपली फटफटी घेऊन. फटफटीला बाजूला लोखंडी गाडी जोडलेली आणि तिच्यावर बर्फाची पेटी. दोरीला ओळीनं गळ बांधून तो नदीत टाकायचा, सकाळी मासे गोळा करायचा, बाजारात विकायचा. आठ महिने झाले होते येऊन. सासरा नव्हता, पण घराखाली पोथाव होता, आणि विच्यान जिन्यावरनं खाली उतरताना अजून उजव्या अंगाला भिंत धरून उतरायचा.

"आई, मला शिकीव," तो एकदा बुनलोमला म्हणाला. "घरात ऱ्हायचं तर घरातलं काम आलं पायजे."

"कुणी सांगितलं म्हणायला? नुआननं?"

"व्हय."

"खरं बोललास, म्हणून शिकवते."

आणि तिनं शिकवलं. पोथाव सापाशिवाय दुसरं काही खात नसे, आणि मेलेलं तोंडाला लावत नसे. म्हणून शेतातल्या बांबूच्या सापळ्यांत माशांबरोबर जे दिवड अडकायचे ते ती ओळखीच्या दोन घरांतनं घ्यायची. पेटीला ऊन लागून ती कोमट झाल्याशिवाय जेवण नाही, उपोसथाच्या, म्हणजे बौद्धांच्या उपासाच्या दिवशी नाही, डोळा दुधाळ असताना नाही. दिवड पोथावच्या पुढ्यात टाकायचा नाही. लांबच्या कोपऱ्यात सोडायचा, म्हणजे त्याला आपण होऊन उठावं लागतं आणि खायचं मन आहे की नाही ते कळतं. एक पान चावून होईपर्यंत तो उठला नाही तर आकडीच्या काठीनं दिवड परत काढायचा, कारण कोंडलेला दिवडही चावतो आणि पोथावला डोळा एकच. गिळताना पुढं व्हायचं नाही, बोलायचं नाही. मग हात चिंचेच्या पाण्यानं धुवायचे, नाहीतर तुझ्या हातालाच दिवड समजेल. आणि जेवल्यावर चार दिवस पेटीपाशी ढोल नाही, दंगा नाही, पेटी हलवणं नाही. जेवलेल्या सापाला हात लावला की तो ओकतो, आणि म्हातारा साप चार वेळा ओकला की संपला.

एक गोष्ट मात्र तिनं सांगितली नाही. सांगायची असते हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. पेटीत सोडण्याआधी ती दिवडाला डाव्या हातानं मानेशी धरायची, उजव्या मुठीतनं त्याचं सगळं अंग डोक्यापासनं शेपटीपर्यंत हळू ओढून घ्यायची आणि पुटपुटायची, "बाबा, राग धरू नगंस. फुडल्या जन्मी मी दिवड व्हते, तू मला खा." हा तिचा आणि दिवडाचा मामला होता, पाप तिला लागणार, क्षमा तिनं मागायची. असं करताना कधी मुठीला दिवडाच्या पोटातनं मांगूर माशाचा काटा टोचला, नाहीतर भलतीच गाठ लागली, की ती दिवड परत टोपलीत टाकायची आणि म्हणायची, "ह्याचं आज मन न्हाई." तीस वर्षांत तिला कधी वाटलं नव्हतं, की आपण दिवड तपासतोय.

माघ सरता सरता तिच्या बहिणीच्या गावाहून सांगावा आला. भाच्याचं मुंडन करून त्याला विहारात भिक्षू करायचा होता. दोन दिवसांचं काम. पोथावनं नुकती कात टाकली होती आणि त्याचं जेवण नेमकं दुसऱ्या दिवशी सकाळी येत होतं.

"मी घालतो," विच्यान म्हणाला.

बुनलोमनं त्याच्याकडनं सगळं तीनदा म्हणवून घेतलं. एक दिवड झाकणाच्या मडक्यात ठेवला, मडकं सावलीला ठेवलं.

"आनि काय?" त्यानं विचारलं.

"आनि काय न्हाई. जीव तोंडात आला तरी वरडू नगंस, म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली. हातात केळीच्या पानात उकडलेल्या चिकट भाताच्या पुड्या, पायांवर धूळ. घराखाली विच्यान उभा होता, न्हाऊन, केस विंचरून, शाळेत पहिला नंबर आल्यासारखा. शेजारी बाजेवर थोंगदामचा धाकटा भाऊ खामसिंग विडी ओढत बसला होता. तो जुना खेळगडी. डाव्या हाताचं एक बोट नागराजाला देऊन बसलेला.

"जेवला?" बुनलोमनं विचारलं.

"जेवला! सकाळी ऊन पेटीवर आलं तवा. सगळं तू सांगितलंस तसंच केलं. पान चावायच्या आत उठला, आई. मी वरडलो न्हाई."

"वरडला न्हाई, पर बाजंवर उभा हुता," खामसिंग म्हणाला.

बुनलोम हसली. पेटीच्या जाळीतनं तिनं आत बघितलं. पोथाव वेटोळं करून पडला होता, पोटाचा फुगवटा मधोमध. तिनं बारकाईनं बघितलं. फुगवटा जरा मोठा वाटला.

"मी ठेवलेला दिवड येवढा थोर न्हवता."

विच्यान नुआनकडं बघायला लागला. वरनं जिन्यावरनं नुआन म्हणाली, "सांग की. तुझं तोंड शिवलंय का?"

"त्यो कालच मेला, आई. मडकं जरा हाललं. मला वाटलं आत थंड हुईल म्हणून... उनात ठेवलं. तवर मी बर्फ आणाय गेलो. आलो तर मेलेला."

"मग ह्यो कुटनं आणलास?"

"माझ्याच गळाला लागला हुता पहाटं. चांगला जिता, ताजा."

बुनलोमनं हातातल्या पुड्या खाली ठेवल्या. सावकाश ठेवल्या.

"गळाला लागला हुता," ती म्हणाली. "मग गळ कुटं हाय?"

"गळ... त्यानं गिळलेला. लई आत. मी दोरी तोडली. आमच्याकडं तसंच करत्यात, आई. सापाच्या तोंडात हात घालून गळ काढाय मी काय येडा हाय? दिवड गळ पचवून जगत्यात, बरं का. नदीत हिंडत्यात."

खामसिंगच्या बोटांतली विडी तशीच राहिली. एक कोंबडी पेटीखालनं चालत गेली.

मग विच्यानच्या चेहऱ्यावरचा न्हालेला उजेड उतरला. त्याचं त्यालाच कळलं होतं. "आई... त्यो गळ आता ह्याच्या..."

"ह्याच्या पोटात, दिवडाच्या पोटात," बुनलोम म्हणाली. "आन् ह्यो माझा दोष. हाताखालनं घालायचं तुला म्या सांगितलंच न्हाई." तिनं आपली उजवी मूठ उघडून बघितली, जशी ती दुसऱ्या कुणाची आहे. "क्षमा मागते म्हणत हुते. मूठ आपली चाचपत हुती."

नुआन खाली आली. "शहरात जनावरांचा दवाखाना हाय. न्यायचा का?"

"आज रविवार. उद्या न्यायचा, मंग कापायचा. येवढं म्हातारं जनावर कापल्यावर उठंल व्हय?" बुनलोम पेटीसमोर मांडी घालून बसली. तिला आता आपलं आपण ऐकायचं होतं म्हणून ती मोठ्यानं बोलत होती. "सकाळी जेवला. दिवडाचं कातडं अजून शाबूत हाय. तवर गळ पिशवीत घातल्यावानी हाय. उद्या सकाळपातुर कातडं इरघळंल, आन् गळ उघडा पडंल. मंग त्यो ह्याच्या आतड्यात रुतणार. आजच्या आज भाईर आला पायजे. आख्खा, सगळा."

"कसा?" खामसिंगनं विचारलं.

"ओकून."

खामसिंगनं तिच्याकडं बघितलं, पेटीकडं बघितलं. "जेवलेल्या सापाच्या पेटीपाशी मी येकदा खोकलो, तर तू मला खराट्यानं मारलं हुतंस."

"आज खोक. हवं तेवढं खोक. नुआन, ढोल काढ. गल्लीतली सगळी पोरं बोलव, म्हणावं बुनलोमआजीनं दंगा करायला बोलिवलंय."

गल्लीला आधी खरंच वाटेना. ज्या घराखाली नुसतं पळत गेलं तरी पाठीत धपाटा बसायचा, तिथं आजी स्वतः डबे वाजवायला देत होती. दहा-बारा पोरं जमली. ढोल सुरू झाला, डबे सुरू झाले, खामसिंगनं पेटीचं दार सरकवून पोथावला अंगणात घेतलं आणि टोपी काढून त्याच्यापुढं नाचायला लागला. सोमबत शेजारच्या घरातनं डोकावून ओरडला, "वहिनी, डोकं फिरलं का तुमचं? जेवलाय की त्यो!"

"म्हणूनच तर!" बुनलोम ओरडली. "तूबी ये! काय वाजवायचं आसंल ते आण!"

पोथाव उठला. कमरेएवढा उभा राहिला, फणा काढला, डाव्या आंधळ्या डोळ्याची बाजू खामसिंगपासनं वळवून उजव्या डोळ्यानं त्याला बघत राहिला. ढोल वाजला तसा डुलला. टोपी हालली तशी झेप टाकली, पण अर्धवट, कंटाळून टाकल्यासारखी. अर्धा तास झाला. खामसिंगच्या अंगाला घाम फुटला. पोथावच्या पोटातला फुगवटा जागचा हालला नाही.

"काय व्हईना," खामसिंग धापा टाकत म्हणाला. "अगं, पंधरा वरसं ह्यानं हेच केलंय. ढोल, पोरं, मी. हे सगळं त्याचं रोजचं काम. दुसरा साप आसता तर कवाच ओकला आसता."

बुनलोमनं रांजणातलं पाणी त्याच्या अंगावर ओतलं. पाणी दुपारचं, कोमट. पोथावनं ते अंगावर घेतलं आणि जीभ काढून चाखलं. सोमबत म्हणाला, "खालनं दाबत दाबत वर आणा, टूथपेस्टसारखं." बुनलोमनं त्याच्याकडं असं बघितलं, की तो आपला डबा घेऊन दोन पावलं मागं गेला. आत लोखंड असलेल्या पोटावर बोट दाबायचं म्हणजे मारायचंच.

ती उकिडवी बसली. चेहरा बुजगावण्यासारखा झाला होता. पोरांना कळलं, त्यांनी डबे खाली ठेवले.

"आई," विच्यान म्हणाला. इतका वेळ तो खांबाला टेकून होता. "त्याला ज्याची सवय न्हाई आसं काय तरी पायजे."

"मला म्हाईत न्हाई व्हय?"

"बर्फ," विच्यान म्हणाला. "माझ्या पेटीत दोन लाद्या हाईत. थंडी पडली की आमच्याकडं माशांचं पोट चालत न्हाई; त्यातलं गिळलेलं तसंच ऱ्हातं. ह्याचंबी पोट गारठून थांबलं, की ओकंल. आन् माझ्या गाडीवर ह्यो कधी बसला न्हाई."

बुनलोमनं मान वर केली. गेली तीन वर्षं पोथावची पेटी जागची हालली नव्हती. हिवाळ्यात तर ती स्वतःचं पांघरूण पेटीवर टाकायची. बर्फ आणि खड्डे: तिनं जन्मभर ज्यापासनं त्याला जपलं, ते दोन्ही एकदम.

"लई थंड झाला तर मरंल," ती म्हणाली.

"तू हात लावून बस. तू म्हणशील तिथं बर्फ काढू."

ती उठली. "उचला."

पोथावला पेटीत घेतला, पेटी लोखंडी गाडीवर चढवली, खाली पोत्यात गुंडाळून दोन्ही लाद्या सरकवल्या. बुनलोम पेटीला कवटाळून बसली, जाळीशी तोंड, एक हात आत पोथावच्या शेपटीकडं. खामसिंग आकडीची काठी घेऊन विच्यानच्या मागं बसला. कापणी झालेल्या भातखाचरांतनं विच्याननं फटफटी घातली. धसकटं, बांध, बैलांच्या खुरांचे वाळलेले खड्डे. प्रत्येक बांधावर बुनलोमचे दात एकमेकांवर आपटायचे आणि ती ओरडायची, "हळू रं भाड्या!" आणि लगेच, "न्हाई, न्हाई, जोरात! जोरात घे!"

"येक काय ते सांग!" विच्यान पुढनं ओरडला. सासूला असं बोलायची ही त्याची पहिलीच वेळ.

"जोरात!"

चार खाचरं झाली. पोथावची शेपूट तिच्या हाताखाली गारठत चालली होती. पाचव्या बांधावर तिला वाटलं, आता बर्फ काढावा. सहावा आला. तेवढ्यात हाताखालची शेपूट ताठ झाली, आणि त्या नऊ हात अंगातनं मागनं पुढं एक लाट सरकली.

"थांब! थांब, थांब, थांब!"

पाटाच्या कडेला फटफटी बंद पडली. तिघंही जाळीला डोळे लावून. पोथावनं फणा मिटला होता. मान लांब केली, जबडा उघडला, आणखी उघडला, आणि आतनं आधी आली ती दिवडाची शेपटी. ओली, चिकट. मग वीतभर, मग हातभर. एक एक लाट, आणि प्रत्येक लाटेबरोबर बुनलोम आपणच कळा देत असल्यासारखी दम धरायची. दिवड निम्मा बाहेर आला, आणि जिथं त्याचं पोट होतं तिथं सगळं थांबलं.

पोथावचा जबडा ताणलेला. अंग हालेना.

खामसिंगनं हात पुढं केला. बुनलोमनं तो फटकन मारला. "वढलास तर रुतंल!"

"गुदमरंल त्यो!"

"थांब म्हणते ना!"

पाटातलं पाणी तेवढं वाजत होतं. पोथावनं मान वळवली, उजवीकडं, मग डावीकडं, जबड्याची एक बाजू पुढं केली, मग दुसरी; गिळताना करतो तसंच, पण उलटं. अडलेली गाठ हालली. हालली, ओठाशी आली, आणि घसरून एकदम बाहेर. मागनं दिवडाचं पुढचं अंग, डोकं, आणि त्याच्या तोंडातनं लोंबणारा बोटभर निळा दोरा.

बुनलोमनं दार सरकवून आकडीनं दिवड बाहेर ओढला. पाटाच्या बांधावर ठेवला आणि उजव्या मुठीत घेतला. मूठ सरकत गेली, आणि पोटापाशी थांबली.

"हाय," ती म्हणाली.

खामसिंगनं चाकूनं उघडलं. गळ आतच होता. त्याचं टोक दिवडाच्या कातडीला आतनं लागून तिथं तिळाएवढा उंचवटा आला होता. कातडी फुटली नव्हती.

पेटीत पोथावनं जांभई दिली. ओकल्यावर साप जबडा जागेवर बसवायला देतात तशी, मोठी, सावकाश. बुनलोम जाळीशी वाकली आणि त्या जांभईत घशापर्यंत बघितलं. गुलाबी. एक लाल थेंब नाही. पोथावनं तोंड मिटलं आणि जीभ बाहेर काढून हवा चाखली.

"बर्फ काढ," ती म्हणाली. "उनात घे पेटी. पाणी दे त्याला."

विच्याननं लाद्या ओढून पाटात टाकल्या. पेटी उन्हात सरकवताना त्याचा हात जाळीवर होता, पोथावच्या तोंडापासनं चार बोटांवर, आणि हे त्याला नंतर खामसिंगनं सांगितल्यावरच कळलं. कळल्यावर तो खाली बसला.

बुनलोम बांधावर आधीच बसली होती. पाय पाटात सोडलेले. तिनं तोंडावर पाणी मारलं, पदराएवढ्या गमछ्यानं पुसलं, आणि हसायला लागली. आधी नाकातल्या नाकात, मग खदाखदा.

"टूथपेस्ट," ती म्हणाली. "सोमबत म्हणतो, टूथपेस्टसारखं दाबा."

खामसिंगही हसायला लागला. "आन् तू म्हणतेस, हळू घे, न्हाई, जोरात घे. माझी कंबर मोडली आज. माझ्या पोटात गळ आसता तर पयल्या बांधालाच पडला आसता."

"तुझ्या पोटात दारू हाय, ती पडंल."

विच्यान हसला नाही. "आई, मी गळ टाकायचं सोडून देतो."

"कशाला? मग मासं काय तुझा सासरा आणणार?" तिनं पाण्यातला पाय काढून त्याच्या गुडघ्याला लावला. "बर्फ कुणाला सुचला? मला न्हाई सुचला, फळीवरच्या खामसिंगाला न्हाई सुचला. उगाच रडका चेहरा करून बसू नगंस. गाडी चालीव. आता खरंच हळू."

खरंच हळू चालली. खाचरातलं बदकांचं एक लेंढार मागनं आलं, बाजूनं पुढं गेलं, तरी विच्याननं वेग वाढवला नाही. बुनलोमचा हात पेटीवर होता. लाकूड उन्हानं तापत होतं आणि जाळीआड पोथाव ऊन अंगावर घेत लांब पसरला होता.

गावाच्या तोंडाशी पोरं उभी होती, मागं सोमबत, नुआन, ढोलवाला, अर्धी गल्ली.

"काय झालं?" सोमबतनं लांबनंच विचारलं.

बुनलोम गाडीवर उभी राहिली. "ओकला!"

"ओकला!" पोरं ओरडली, आणि वळून पळत सुटली. "पोथाव ओकला! पोथाव ओकला!" गल्लीतनं हाळी पुढं गेली. विहारासमोर झाडणाऱ्या म्हाताऱ्यानं खराटा थांबवून विचारलं, कोण ओकला, आणि ऐकून हात जोडले. नुआननं घराखाली चटई अंथरली, केळीच्या पानांतल्या पुड्या सोडल्या, पपई कुटली, त्यात सोमबतच्या बायकोनं घरचा आंबवलेला मासा आणून घातला. सगळ्यांनी एका ताटातनं खाल्लं, आणि पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. दर वेळी बांध एकानं वाढत गेले. विच्यानला खामसिंगनं दारूचा पेला भरून दिला. गळ खिशातनं काढून खामसिंग ज्याला त्याला दाखवत होता. बुनलोम मात्र दोन घास खाऊन चटईवरच आडवी झाली आणि दिवस मावळायच्या आधीच, ढोल वाजत असताना, घोरायला लागली.

पुढं पंधरा दिवस पोथावला नुसतं पाणी. ह्या पंधरा दिवसांत बुनलोमचं ताट रोज अर्धं तसंच राहायचं. सकाळी उठून आधी पेटीपाशी जायची, विष्ठा बघायची, पाणी किती उतरलं ते बघायची, जीभ बाहेर येते का बघत बसायची. ओकलेला म्हातारा साप पुन्हा खाईल की नाही हे खाईपर्यंत कुणाला सांगता येत नाही, आणि तिनं तसं कुणाला विचारूही दिलं नाही.

सोळाव्या दिवशी ऊन पेटीवर आलं. सापळ्यातला दिवड, बारका, करंगळीएवढ्या जाडीचा. बुनलोमनं तो लांबच्या कोपऱ्यात सोडला. विच्याननं पान तोंडात घातलं. दोन वेळा चावलं. पोथाव उठला. डोकं उजवीकडं वळवून त्यानं एका डोळ्यानं बघितलं, आणि पुढचं इतक्या झटक्यात झालं, की विच्यानला फक्त धरलेला दिवड दिसला.

गिळून झालं. बुनलोमनं झाकण लावलं, चिंचेच्या पाण्यानं हात धुतले, आणि जिन्याकडं तोंड करून हाक मारली, "नुआन, भात हाय का गं? लई भूक लागलीया मला."